परभाषेतले सिनेमे घरच्यांबरोबर बघायचेत, सुरुवात कुठून करू?

मुलुंडच्या एका बाईंनी विचारलं आहे. घरात चौघं: त्या, त्यांचे यजमान, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ७३ वर्षांचे सासरे, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेले. मुलीच्या नादाने घरात कोरियन मालिका शिरल्या. मग बाईंच्या मनात आलं, की दर शनिवारी रात्री जगभरातला एकेक चांगला सिनेमा सगळ्यांनी मिळून बघावा. त्यांनी जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांची एक यादी शोधली आणि पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. पहिल्या नंबरावर होता 'जान दिएलमान'. तासाभरात यजमान घोरू लागले, मुलगी मोबाइलमध्ये गेली आणि सासऱ्यांनी विचारलं, "ही बाई अजून बटाटेच सोलतेय का?" तेव्हापासून शनिवार बंद आहे. बाईंना तीन गोष्टी हव्या आहेत. कोणते सिनेमे लावू? इंग्रजी सबटायटल वाचताना सासऱ्यांची दमछाक होते, त्याला उपाय काय? आणि सिनेमा संपला की "छान होता"च्या पुढे कुणी बोलत नाही, त्यांना बोलतं कसं करू?

सासऱ्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. २०२२ च्या कौलात शांताल अकेरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा हा सिनेमा पहिला आला. लांबी ३ तास २१ मिनिटं. एका विधवा गृहिणीचे तीन दिवस, कॅमेरा जागचा हलत नाही, बटाटे सोलायला घेतले की सोलून होईपर्यंत आपण बघत बसायचं. मी तो तीनदा पाहिला आहे आणि चौथ्यांदाही बघेन. पण त्याला मत देणाऱ्यांनी आधी हजारो सिनेमे पाहिलेले असतात, ज्यांत बाई स्वयंपाकघरात गेली की कॅमेरा दिवाणखान्यातच थांबतो. त्यांच्यासाठी हा सिनेमा म्हणजे स्फोट आहे. पहिल्याच शनिवारी तो लावणं म्हणजे कालपर्यंत भावगीतं ऐकणाऱ्याला विलंबित झुमऱ्यात तासभर बसवणं. शिवाय सिनेमातल्या त्या विधवेचा दुपारचा व्यवसाय सासऱ्यांसमोर उलगडायच्या आत टीव्ही बंद झाला, हे एका परीने बरंच झालं.

मी १९९४ पासून मुंबईतल्या चित्रपट मंडळांच्या खेळांना स्वयंसेवक म्हणून राबते आहे. पहिली काही वर्षं माझं काम दारात उभं राहून सभासदांची कार्डं तपासणं आणि टॅक्सीतून आलेले फिल्मचे डबे जिन्यावरून वर नेणं एवढंच होतं. मंडळांचे खेळ फक्त सभासदांसाठी असल्यामुळे त्यांना सेन्सॉरमधून सूट असायची. त्यामुळे "आजचा अनकट आहे ना?" एवढीच चौकशी करून वर्गणी भरणारे रसिक मी भरपूर पाहिले आहेत. त्यातले काही पहिल्या रिळातच निराश होऊन उठून जायचे, काही मात्र चुकून बसून राहिले आणि पुढे कायमचे आमचे झाले. गेली अठरा वर्षं मी मराठी सिनेमांची इंग्रजी सबटायटलही लिहिते. म्हणजे एका दाराने परके सिनेमे आत आणायचे आणि दुसऱ्याने आपले बाहेर पाठवायचे.

एवढ्या उलाढालीतून माझी एक पद्धत ठरली आहे. सिनेमा निवडताना 'कोणता महान आहे' हे मी विचारत नाही, समोरच्या घराला आधीपासून काय ठाऊक आहे ते विचारते. आणि बघताना फक्त डोळे खाली लावून बसायचं नाही, कान उघडे ठेवायचे. इंग्रजी सबटायटल जे गाळतं, त्यातलं बरंच मराठी माणसाला ऐकू येऊ शकतं. कसं, ते पुढे सांगते.

पहिल्या शनिवारसाठी 'सेंट्रल स्टेशन'. ब्राझीलचा सिनेमा, १९९८ चा, दिग्दर्शक वॉल्टर सालेस. रिओच्या मोठ्या रेल्वे स्टेशनात एक निवृत्त शिक्षिका टेबल टाकून बसते आणि निरक्षर लोकांची पत्रं पैसे घेऊन लिहून देते. जीपीओसमोर कबुतरखान्यापाशी बसणारे पत्रलेखक तुमच्या सासऱ्यांनी नक्की पाहिले असणार. गावी मनिऑर्डर पाठवणाऱ्यांची गर्दी असायची त्यांच्याभोवती. फरक एवढाच, की सिनेमातली ही डोरा पत्रं लिहिते, पैसे घेते आणि बरीचशी पत्रं पोस्टात टाकतच नाही, घरी नेऊन ड्रॉवरमध्ये कोंबते. पत्र लिहायला आलेल्या एका बाईचा मुलगा तिच्या गळ्यात पडतो आणि दोघं त्याच्या बापाला शोधत देशाच्या ईशान्येकडे निघतात. डोरा झालेल्या फर्नांदा मोंतेनेग्रो यांना ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. लबाड, खडूस, थकलेली बाई इतकी खरी उभी करणं सोपं नाही. सुरुवातीची पाच मिनिटं फक्त चेहरे आहेत, पत्र सांगणाऱ्यांचे. एवढ्यात कुणी झोपत नाही, माझा अनुभव आहे.

आणि त्या सिनेमाची भाषा पोर्तुगीज आहे. बटाटा, पाव, चावी, बादली, पगार, घमेलं हे शब्द आपल्याकडे त्याच भाषेतून आले. मुलीला सांगा, सिनेमाभर कान लावून बस आणि ओळखीचा शब्द आला की बोट वर कर. मोबाइल बाजूला पडायला हा खेळ पुरतो.

कानाचा खरा फायदा मात्र इराणी सिनेमात होतो. अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७ चा सिनेमा आहे, इंग्रजीत 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' मूळ फारसी नाव 'खाने-ये दूस्त कोजास्त'. आता 'खाना' म्हणजे घर हे दवाखाना, कारखाना म्हणणाऱ्या माणसाला शिकवायला नको, आणि दोस्त तर दोस्तच. लांबी ८३ मिनिटं. अहमद नावाच्या मुलाच्या दप्तरात वर्गमित्राची वही चुकून येते. मित्राने पुन्हा वहीत गृहपाठ केला नाही तर शाळेतून काढून टाकीन, असा मास्तरांनी दम भरलेला असतो. मग हा पोरगा टेकडी ओलांडून शेजारच्या गावात मित्राचं घर शोधत धावतो. बस, एवढीच गोष्ट. बंदूक नाही, खलनायक नाही, तरी श्वास रोखलेला राहतो, कारण एकही मोठं माणूस त्या पोराचं ऐकूनच घेत नाही. त्यात एक आजोबा आहेत. खिशात सिगारेटी असताना नातवाला सिगारेट आणायला पिटाळतात, का, तर पोरांना सांगितलेलं ऐकायची सवय लागली पाहिजे. तिथे सिनेमा थांबवू नका, पण संपल्यावर सासऱ्यांना विचारा, "बाबा, तुमच्या लहानपणी असंच होतं का हो?" उत्तर दहा मिनिटांत संपलं तर मला कळवा.

बोलतं करण्याची माझी एकच युक्ती आहे, तीही इथेच सांगून टाकते. "कसा वाटला?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा. त्याला "छान" याशिवाय उत्तर नसतं. विचारायचं ते सिनेमातल्या एखाद्या माणसाबद्दल, एखाद्या कृतीबद्दल. असगर फरहादी यांच्या 'अ सेपरेशन'ला तर तेवढीही गरज पडत नाही. तेहरानमधलं एक मध्यमवर्गीय जोडपं. बायकोला देश सोडायचाय, नवऱ्याला वडिलांना टाकून जायचं नाही, कारण त्यांना अल्झायमर आहे. ती माहेरी जाते आणि हा वडिलांसाठी दिवसभराची बाई ठेवतो. ती लांबून येते, बरोबर छोटी मुलगी, घरी नवऱ्याला या कामाबद्दल सांगितलेलं नाही. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यांचे कपडे खराब होतात आणि परपुरुषाचे कपडे बदलले तर पाप लागेल का, हे ती फोन लावून धर्माचं सांगणाऱ्यांना विचारते. मुंबईत ब्युरोकडून बाई ठेवलेलं कुठलंही घर हा प्रसंग बघताना गप्प होतं. पुढे एक धक्काबुक्की होते आणि सगळा सिनेमा एका प्रश्नावर येऊन उभा राहतो: ती कामाची बाई गरोदर आहे हे तिला कामावर ठेवणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं? आमच्याकडे खेळ संपल्यावर हॉल रिकामा करायला वॉचमनला दोनदा यावं लागलं होतं. एक वकील आणि एक नर्स जिन्यात उभे राहून भांडत होते. २०१२ मध्ये या सिनेमाने इराणला परभाषेतल्या चित्रपटाचं पहिलं ऑस्कर मिळवून दिलं, पण माझ्या लेखी ते जिन्यातलं भांडण जास्त मोलाचं. एक सूचना, मुलीला तिचं मत शेवटी मांडू द्या. सिनेमातही सगळ्यात अवघड निर्णय मुलीवरच येऊन पडतो.

आता सबटायटल. यात मी स्वतः गुन्हेगार आहे, त्यामुळे आतली बातमी देते.

पडद्याखाली दोनच ओळी मावतात, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि एक सबटायटल सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा धंद्याचा रिवाज आहे. माणसं बोलतात त्याहून सावकाश वाचतात, म्हणून बोललेलं सगळं तिथे येऊच शकत नाही. आम्ही कापतो. आणि सगळ्यात आधी कापली जातात ती नाती. माझ्या सुरुवातीच्या एका सिनेमात कोकणातली एक प्रौढ बाई नवऱ्याला सतत "अहो" म्हणते. आता "अहो"ला इंग्रजीत काय लिहायचं? मी प्रत्येक ठिकाणी नवऱ्याचं नाव लिहून मोकळी झाले. सिनेमा बाहेरच्या एका महोत्सवात दाखवला गेला. परत आल्यावर दिग्दर्शक शांतपणे म्हणाले, "बाई, माझ्या नायिकेने जन्मात एकदाही नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. तुम्ही तिच्या तोंडी ते चाळीस वेळा घातलंत." मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

हाच अपराध उलट दिशेनेही होत असतो. जुन्या जपानी सिनेमात बायको नवऱ्याला "अनाता" म्हणते, ते आपलं "अहो"च आहे. फ्रेंचमध्ये तू आणि तुम्ही वेगळे, जर्मनमध्ये वेगळे, फारसीत 'तो' आणि 'शोमा' वेगळे. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. म्हणजे पडद्यावर एखादा माणूस "तुम्ही"वरून "तू"वर घसरतो, आपल्या भाषेत त्याला थोबाडीत मारल्यासारखं वाटेल, आणि खाली काहीच हललेलं दिसत नाही. हे ओळखायला भाषा यायला लागत नाही. प्रत्येक भाषेतले असे दोन-तीन शब्द आधी माहीत करून घ्यायचे आणि ते कधी बदलतात त्यावर कान ठेवायचा. तुमच्या मुलीला कोरियन मालिकांमुळे हे आयतंच येत असणार. 'ओप्पा', 'ऊन्नी', 'आजुम्मा', म्हणजे दादा, ताई, काकू, तिच्या तोंडावर असतील. त्या बाबतीत घरात तीच तज्ज्ञ आहे, तिला तसं वागवा.

बोंग जून-हो यांचा 'पॅरासाइट' (२०१९) तिच्याबरोबर बघा. सर्वोत्तम चित्रपटाचं मुख्य ऑस्कर घेणारा, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतला तो पहिला सिनेमा. एक गरीब कुटुंब एकेक करून एका श्रीमंत घरात कामाला शिरतं, त्याची ही गोष्ट. त्यात हाकलून दिलेली कामवाली नव्या कामवालीपुढे गयावया करताना तिला "ऊन्नी" म्हणते, म्हणजे "ताई". नवी फटकारते, मला ताई म्हणायचं नाही. पुढच्या क्षणी पारडं फिरतं आणि ताई-बिई सगळं गळून पडतं. मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात हे ऐकायला मिळेल. त्याच सिनेमात मालकीणबाई फोनवरून एक पदार्थ करायला सांगतात, दोन स्वस्त इन्स्टंट नूडल्स एकत्र करून. कोरियात तो पोराटोरांचा खाऊ आहे, त्यावर या बाई महागडं बीफ घालायला सांगतात. इंग्रजी सबटायटलमध्ये त्यासाठी 'रॅम-डॉन' असा नवाच शब्द घडवला, रामेन आणि उदोन मिळून. मी टोपी काढते. आणि तो पाऊस! श्रीमंतांच्या टेकडीवरून जिने उतरत उतरत हे कुटुंब घरी येतं तर अर्ध्या तळघरातलं घर गळ्यापर्यंत पाण्यात. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई फोनवर म्हणतात, पाऊस पडला ते किती छान झालं. २६ जुलै २००५ ज्यांनी तळमजल्यावर काढली त्यांना यावर वेगळं भाष्य लागत नाही. सोफ्यावरचा एक प्रसंग आहे, तो सुरू झाला की पाणी आणायच्या निमित्ताने उठा. सासरेही समजून घेतील.

सासऱ्यांच्या डोळ्यांसाठी साधे उपाय. टीव्हीच्या किंवा अॅपच्या सेटिंगमध्ये सबटायटलचा आकार वाढवता येतो आणि अक्षरांमागे काळी पट्टी लावता येते, ती लावाच. त्यांची खुर्ची सोफ्यापेक्षा दोन हात पुढे घ्या. भाषेच्या यादीत 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश सीसी' असे दोन पर्याय दिसले तर पहिला निवडा. सीसी ऐकू न येणाऱ्यांसाठी असतं, त्यात दार वाजलं, कुत्रं भुंकलं हेही लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा तो मजकूर इंग्रजी डबिंगवरून उचललेला असतो. 'स्क्विड गेम' आला तेव्हा कोरियन जाणणाऱ्यांनी भाषांतरावर जो कल्ला केला, त्यातला बराचसा याच सीसीमुळे होता.

तरीही जमलं नाही तर मुलीला बेन्शी करा. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा, सगळी पात्रं बोलून दाखवणारा माणूस असायचा, त्याला बेन्शी म्हणत. लोक नटांपेक्षा बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचे. अकिरा कुरोसावांचा थोरला भाऊ बेन्शी होता. नातीने आजोबांच्या शेजारी बसून पहिली पंधरा-वीस मिनिटं हलक्या आवाजात मराठीत सांगत राहायचं, कोण कुणाचा कोण, काय म्हणाला. माणसं आणि घर एकदा ओळखीचं झालं की आजोबा निम्मं वाचून निम्मं अंदाजाने पुढे जातात. आमच्या मंडळात एक आजी अशाच यायच्या, इंग्रजीचा गंध नव्हता, शेजारच्या खुर्चीवर मैत्रीण. खेळानंतर सगळ्यात नेमकं त्याच बोलायच्या.

डबिंगचं मला वावडं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय अशा माणसाने हिंदीत डब केलेला सिनेमा बघितला तर त्यात कमीपणा कसला? फक्त ज्यात बोलणं कमी आणि हालचाल जास्त असे सिनेमे डबिंगमध्ये बघा, फरहादी नको.

नावांच्या भाषांतरातही गंमत असते. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या १९५९ च्या सिनेमाचं इंग्रजी नाव 'द फोर हंड्रेड ब्लोज'. वर्षानुवर्षं लोक त्यात चारशे फटके शोधतात. मूळ फ्रेंच वाक्प्रचाराचा अर्थ नाही नाही ते उपद्व्याप करणं. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ च्या सिनेमाचं इटालियन नाव अनेकवचनी आहे, सायकल चोरणारे. अमेरिकेत तो 'द बायसिकल थीफ' म्हणून लागला, एकवचनी, आणि शेवटच्या दहा मिनिटांचा सगळा अर्थच नावातून पुसला गेला. मराठीत मात्र 'सायकलचोर' म्हटलं की झालं. एक चोर, दोन चोर, शब्द तोच राहतो. शेवटपर्यंत कळत नाही नाव कुणाचं आहे. १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत झाला तेव्हा तो इथे दाखवला होता. बिमल रॉय यांनी तो पाहिला आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. तुमच्या सासऱ्यांनी 'दो बिघा जमीन' पाहिला असेल तर ही ओळख आधी करून द्या, मग काम सोपं होतं.

जपानी सिनेमांचा क्रम मात्र मी सांगते तसा ठेवा. आधी हिरोकाझू कोरे-एडा यांचा 'स्टिल वॉकिंग' (२००८), मग यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). उलट केलंत तर पुन्हा घोरणं ऐकाल.

'स्टिल वॉकिंग'ची सुरुवात मुळा किसण्या-खरवडण्याने होते. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, या वेळी भाजी लवकर आटोपते. आई आणि लेक स्वयंपाकघरात आहेत, मग मक्याची भजी तळली जातात, तेलात दाणे फुटतात. पंधरा वर्षांपूर्वी बुडून गेलेल्या थोरल्या मुलाचा स्मरणदिन आहे आणि सगळे आईवडिलांच्या घरी जमलेत. म्हणजे आपलं वर्षश्राद्धच. धाकटा मुलगा नुकतंच लग्न केलेल्या विधवेला आणि तिच्या मुलाला घेऊन येतो. वडील निवृत्त डॉक्टर, धाकट्याशी धड बोलत नाहीत. थोरला ज्या पोराला वाचवताना गेला, ते पोर आता लठ्ठ, घामाघूम तरुण झालंय आणि आई त्याला दरवर्षी या दिवशी अगत्याने बोलावते. का बोलावते, हे ती त्या रात्री विणकाम करता करता सांगते. तेवढं वाक्य मी इथे लिहिणार नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या प्रेमळ, गोड बोलणाऱ्या बाईची मला भीती वाटली होती आणि पुढच्याच क्षणी माझ्या स्वतःच्या आजीची आठवण आली होती. ओरडाआरडा नाही, रडारड नाही, एक दिवस आणि एक रात्र. मला कुणी म्हटलं की एकच परभाषेतला सिनेमा सांग, तर मी हाच सांगते.

त्यानंतर 'टोकियो स्टोरी' आपोआप उघडतो. ओनोमिची या बंदराच्या गावातून म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोकियोला येतात. मुलगा डॉक्टर, पेशंटमधून सवड नाही. मुलीचं पार्लर, तिला यांची अडचण. दोघं मिळून आईवडिलांना आतामी नावाच्या गरम झऱ्यांच्या ठिकाणी पाठवून देतात, हॉटेल स्वस्त पडतं म्हणून. प्रेमाने वागते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको नोरिको. तिच्या एका खोलीत ती त्यांना नेते, शेजारणीकडून साके उसनी आणते. देवरुखहून आलेल्या आईवडिलांना मुलांनी तीन दिवसांत एस्सेल वर्ल्डच्या बसमध्ये बसवून दिलं, असं आपल्या ओळखीत कितीदा झालंय! ओझू कॅमेरा जमिनीजवळ ठेवतो, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेइतका, आणि तो जवळजवळ कधीच हलवत नाही. वडिलांचं काम करणारे चिशू र्यू तेव्हा ४९ वर्षांचे होते, हे सिनेमा संपल्यावर सांगा, कुणी विश्वास ठेवणार नाही. मात्र हा सिनेमा सासरे आणि मुलगा शेजारी शेजारी बसून बघणार असतील तर नंतर कुणाला काही विचारू नका. चहा ठेवा आणि गप्प बसा.

बाकीची नावं भरभर सांगते. 'गुड बाय लेनिन!' (२००३), जर्मन: बर्लिनची भिंत पडली तेव्हा आई कोमात होती, शुद्धीवर आल्यावर धक्का बसू नये म्हणून मुलगा फ्लॅटमध्ये जुना पूर्व जर्मनी जिवंत ठेवतो. बंद झालेल्या गिरण्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या घरांत हा फार चालतो. अल्फोन्सो क्वारोन यांचा 'रोमा' (२०१८): मेक्सिको सिटीतल्या घरातली कामवाली मुलगी. पहिली वीस मिनिटं हळू, धीर धरा. याच सिनेमाला स्पेनमध्ये स्पॅनिशचीच सबटायटल लावली होती आणि 'मामा'चं 'माद्रे' केलं होतं. दिग्दर्शक भडकले आणि ती काढावी लागली. किस्लोव्स्की यांचे 'डेकलॉग', वॉर्साच्या एकाच वसाहतीतल्या इमारतींमधल्या दहा गोष्टी, प्रत्येकी तासाभराच्या, पोलिश टीव्हीसाठी केलेल्या. तासाभरापलीकडे टिकत नाही म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांसाठी उत्तम. पाचवा आणि सहावा सासरे झोपल्यावर. तार्कोव्हस्की आणि बेला तार हे अतिसंथ सिनेमे करणारे दिग्दर्शक इतक्यात नकोत. बेला तार यांचा 'सातानतांगो' सात तासांहून मोठा आहे, आणि तो पाहिल्याचं सांगण्यासाठीच पाहिलेली माणसं मला ठाऊक आहेत.

घराबाहेर बघायचं असेल तर १९६८ पासून चालू असलेलं प्रभात चित्र मंडळ आहे, थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव आहे, काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मन सिनेमे लागतात, अलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच. मुलुंडहून लांब पडतं, पण महिन्यातून एकदा करा. अंधारात दोनशे अनोळखी माणसं एकदम हसली की सबटायटल वाचायचा वेग आपोआप वाढतो.

सासऱ्यांसाठी एक सिनेमा मी मुद्दाम मागे ठेवला होता. कुरोसावांचा 'इकिरू', १९५२ चा, १४३ मिनिटं. नायक महापालिकेत एका विभागाचा प्रमुख. तीस वर्षं शिक्के मारले. त्याला पोटाचा कॅन्सर आहे, हे निवेदक आपल्याला त्याच्या आधी सांगून टाकतो. वस्तीतल्या बायका सांडपाण्याचं डबकं बुजवून तिथे मुलांसाठी बाग करा म्हणून अर्ज घेऊन येतात आणि या खात्यातून त्या खात्यात, तिथून पुढच्या, असं फिरत फिरत पुन्हा पहिल्या खिडकीपाशी येऊन उभ्या राहतात. दादरच्या एका खेळाला या प्रसंगात सगळा हॉल शांत होता आणि मागच्या रांगेतले एक गृहस्थ एकटेच खो खो हसत होते. नंतर कळलं, ते पालिकेच्या उद्यान खात्यातून निवृत्त झालेले. सिनेमाचा शेवटचा मोठा भाग शोकसभेचा आहे, साके पीत बसलेले सहकारी, बागेचं श्रेय कुणाचं यावर वाद. तिथे ते गृहस्थ हसायचे थांबले होते. खेळ संपल्यावर खुर्च्या रचायला मला मदत करत म्हणाले, "आमच्याकडे त्या बायका चौथ्या टेबलाला घरी गेल्या असत्या. ते चौथं टेबल माझं."

तर 'इकिरू' पाचव्या-सहाव्या शनिवारी लावा, जेवणं आधी उरकून घ्या, आणि त्या दिवशी सासऱ्यांची खुर्ची मधोमध ठेवा.